बायकांच्या पेटीतल्या दोन चिठ्ठ्या

१८ नोव्हेंबर १९१६

प्रिय ओटिलिया,

तुझं पत्र पोचलं. तू तिकडे रॉकफर्डला बहिणीच्या बाळंतपणात गुंतलीस आणि इकडे अकरा दिवस गुस्ताफने माझ्याशी अबोला धरलाय. जेवताना मीठ हवं असलं तरी एलॉफला सांगतो, "आईला म्हणावं, मीठ दे." मी समोरच बसलेली असते गं! काय करावं या माणसाचं?

सगळं त्या वेगळ्या मतपेटीमुळे. आपल्या इलिनॉयमध्ये बायकांना राष्ट्राध्यक्ष निवडता येतो, गव्हर्नर नाही. म्हणून चिठ्ठी वेगळी, पेटी वेगळी, मोजणीही वेगळी. शिकागोत हजारो बायकांत कोण कुणाची, कुणाला कळतंय? पण आपल्याकडे मक्याच्या काढणीच्या घाईत, त्या चिखलातून आल्या कोण, तर तू आणि मी. दोन चिठ्ठ्या, आणि उघडायला मोजणीवर बसलेला माझा नवरा! एक ह्यूजची निघाली, एक विल्सनची. तू पडलीस पाद्र्याची बायको, तू विल्सनला मत देणार नाहीस, हे मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं. लोहार पेर्सन ओरडला म्हणे, "गुस्ताफ, अरे, फितुरी तुझ्याच घरात!" वीस वर्षं ह्यूजच्या पक्षासाठी राबलेला माणूस, बिटासारखा लाल झाला. आपलं इलिनॉय ह्यूजने जिंकलं, तरी याचा राग माझ्या एका मतावर. देशात विल्सन आला, तोही जणू मीच आणला!

मी गप्प बसले. नाही म्हटलं असतं तर बोट तुझ्याकडे वळलं असतं, आणि तुझ्या नवऱ्याची नेमणूक याच मंडळींच्या हातात. खोटं कशाला बोलू, दोन दिवस तुझ्यावरही चिडले होते. मतदानाच्या सकाळी गाडीत बसताना गुस्ताफने बजावलं होतं, "ह्यूज, हुल्डा. विसरू नकोस." नाही विसरले. हातात पेन्सिल घेऊन उभी राहिले. ज्याने आपल्याला युरोपातल्या लढाईपासून लांब ठेवलं, त्या विल्सनचं नाव वाचलं. एलॉफ डोळ्यांपुढे आला. वीस वर्षांचा, मत द्यायला लहान, बंदूक धरायला पुरेसा मोठा. आणि तरी फुली मारली ती सांगितलं होतं तिथेच. घरात शांतता राहावी म्हणून! मिळाली बघ शांतता.

आता तू लिहितेस, "पुढच्या आठवड्यात आले की गुस्ताफकाकांना खरं सांगून टाकते." खबरदार, ओटिलिया! परवा मी दूध काढत होते. एलॉफ आत आला, टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "आई, बाबांच्या विरोधात गेलीस, माझ्यासाठी?" धार बादलीबाहेर गेली. मान वर करून त्याच्याकडे बघवलं नाही मला. माझी खाली गेलेली मान त्याने होकारच धरली, आणि बादली उचलून घेऊन गेला. म्हणून हे पत्र. तुझं मत माझ्याकडे राहू दे, बाई. चार वर्षांनी ती पेटी पुन्हा येईल, तेव्हा मी माझ्या हाताने खरं मत देईन. तोवर गुस्ताफला मीठ मी एलॉफच्याच हाती पाठवीन.

तुझीच,
हुल्डा