तेराचा पाढा

बोळिंज,
गुरुवार

प्रिय लुसीमावशी,

नताशानं चावणं थांबवलं आहे. शाळेत सगळे माझं कौतुक करताहेत, आणि मला मात्र ते ऐकवत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू आधी विचारतेस काय जेवलीस, मग आईचे गुडघे, मग केळीचा भाव, आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच. मध्येच चष्मा काढून बाजूला ठेवू नकोस.

नताशा माझ्या चौथीच्या वर्गात आहे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. वडील इग्नेशियस दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई कार्मिन घरी शिवणकाम करते. पोरगी हुशार, हात तर असा चालतो की कागदाचा मासासुद्धा तडफडेल असं वाटावं. चार-सहा दिवस शहाण्यासारखी वागायची आणि मग एखाद्या दिवशी, काही कारण नसताना, शेजारणीच्या दंडाला चावायची, डबे भिरकवायची. आमच्या मुख्याध्यापिका मनोरमाबाईंचा उपाय ठरलेला, आईला फोन. कार्मिन हातातलं काम टाकून धावत यायची आणि शाळा सुटेपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायची. लेकीला लवकर घरी न्यायचं नाही, बसून राहायचं, ही शिक्षा. शेवटी मनोरमाबाई मला म्हणाल्या, कॅथरिन, आता एक जरी तक्रार आली तरी मी हिचा दाखला हिच्या आईच्या हातात देणार, मग मला दगडाच्या काळजाची म्हणू नकोस.

मी नुकतीच प्रशिक्षणात वर्तन-विश्लेषण शिकून आले होते. नाव जड आहे, पण गोष्ट तुला लगेच कळेल. मूल चांगलं की वाईट हे विचारायचंच नाही. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, एवढं पाहायचं. काही मिळतं म्हणूनच ते वागणं पुन्हा घडतं. ऐकताना मला तुझा ओटा आठवला. शाळेत जायच्या आधीपासून तू मला तिथं बसवून शिकवलंस आणि एकदाही हात उगारला नाहीस. चुकलं तर पुन्हा. तेराचा पाढा तर किती वेळा. तेरा सत्ते आलं की मी अडकायची आणि तू म्हणायचीस, पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं. आई हाक मारायची तरी तू सोडायची नाहीस. मी मठ्ठ आहे म्हणून मावशी मला ठेवून घेते, असं मला वाटायचं. अजूनही फळ्यावर तारीख लिहिली की मी दोनदा तपासते.

तर नताशा. आधी काय घडतं ते काही केल्या सापडेना. कधी गणिताचा तास, कधी चित्रकला, कधी नुसतंच पानी प्यायला जाऊ का टीचर म्हणून उठायची आणि परत येताना कुणाला तरी चावायची. पण नंतर काय मिळतं ते स्वच्छ दिसत होतं. आई मिळते. मी ठरवून टाकलं, पोरीला आईचं लक्ष हवंय. उपायही पुस्तकात होता तसाच केला. काहीही झालं तरी आईला बोलवायचं नाही. उलट आठवडा शांत गेला तर शुक्रवारी आई वर्गात येऊन तिचं काम बघेल. नताशाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, शुक्रवारी नको टीचर, आज बोलवा. मी म्हटलं, आधी शहाणी हो. ती पुन्हा म्हणाली, आज. मावशी, तिचा तो ‘आज’ मी हट्ट समजले.

प्रशिक्षणात बजावलं होतं, पहिल्यांदा वागणं वाढेल, तेव्हा माघार घेऊ नका. तसंच झालं. त्या दिवशी तिनं माझ्याच मनगटाला चावा घेतला, रक्त आलं. मनोरमाबाई फोन उचलणार तोच मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, नको, हीच परीक्षेची वेळ आहे. नताशा जमिनीवर बसून रडत राहिली आणि मग गप्प झाली. नंतर तिनं कुणालाच चावलं नाही. शुक्रवार आला. कार्मिन वर्गात आली ती उन्हात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, डावा हात पोटाशी धरून. धक्क्यावर पाय घसरला म्हणाली. नताशानं तिला कागदाचा मासा दाखवला नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. दुकानात मागितलेली वस्तू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक जसं बघून निघून जातं, तशी.

शाळा सुटल्यावर मी तिच्या जागेवर जाऊन बसले. ती जागा बदलली की नताशा आकांत करायची, तोही मला हट्ट वाटला होता. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत खाडीचा तुकडा दिसतो. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तरी दिसतो. बोटी आत येत होत्या, प्रत्येकीचा बावटा वेगळा. मागून नताशा आली, दप्तर विसरली होती. मी विचारलं, पप्पाची बोट कुठली गं? ती म्हणाली, निळा-पिवळा बावटा, आज नाही येणार. मग दप्तर उचलता उचलता म्हणाली, बोट लागली की मम्मी इथं पायजे. माल उतरवून पप्पा घरी येतो, जेवतो, झोपतो. झोपून उठला की चांगला असतो.

म्हणजे आधी काय घडतं ते वर्गात नव्हतंच. बावटा दिसला की ही पोर कुणाला तरी चावून आईला घरातून बाहेर काढत होती, आणि आमची शिक्षा तिला शाळा सुटेपर्यंत सांभाळत होती. ती वाट मी बंद केली आणि त्याला सुधारणा म्हटलं. मनोरमाबाईंना सांगितलं, तर त्या घाबरल्या. घरचं भांडण शाळेत आणू नकोस, म्हणाल्या. मग कार्मिनला एकटीला गाठलं. तो पितो का, हा माझा पहिला प्रश्न. ती हसली. पीत असता तर लोकांनी विश्वास तरी ठेवला असता, म्हणाली.

हे वाक्य मी आधी कुठं ऐकलं, याचा विचार करत होते. ऐकलं नव्हतं, तुझ्या घरात पाहिलं होतं. रेमंडकाका बँकेत, चहासुद्धा बिनसाखरेचा, रविवारी चर्चमध्ये मिस्सेत पहिलं वाचन त्यांचं. वळणावर त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की तू म्हणायचीस, आता तेराचा. ते फाटक उघडायचे, ओट्यावर मला बघायचे, माझ्या डोक्यावर टपली मारून आत जायचे. कपडे बदलून, चहा घेऊन, पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले की आतून घोरणं ऐकू यायचं, आणि तू म्हणायचीस, शाबास, पळ आता. मावशी, त्या दिवशी पाढा आला होता की नाही, हे तू कधी विचारलंच नाहीस. तू मला वापरलंस असं मी म्हणत नाही. मी मठ्ठ नव्हते, एवढंच मला या वयात कळलं. आणि कुणी तरी शेजारी बसलं तर एक संध्याकाळ टळते, हे तुला माझ्या प्रशिक्षणाच्या आधीपासून ठाऊक होतं.

आता का लिहिलं ते सांगते. इग्नेशियसची बोट रविवारी लागणार आहे, आणि रविवारी शाळा नसते. कार्मिन सोमवारी माझ्याबरोबर समुपदेशन केंद्रात यायला तयार आहे. पण तोवर नातेवाइकांकडे गेले तर संध्याकाळी मला परत पोचवतील, म्हणते, आणि ते खरं आहे. माझ्या ओळखीत एकच घर आहे, काका गेल्यापासून तुझं एकटीचं, जिथं तिला कुणी विचारणार नाही, की तूच काही बोलली असशील. शनिवारी शाळा सुटल्यावर मी दोघींना नंदाखालला तुझ्याकडे घेऊन येते. शेजारचा केनी उद्या हे पत्र घेऊन केळी न्यायला येईल. त्याला काही सांगितलेलं नाही. तुझं हो असेल तर त्याच्याजवळ मागच्या खोलीची किल्ली दे. नसेल तर नुसती केळी दे, मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. नताशाला पाढे येत नाहीत. ओट्यावर बसवून शिकव तिला. तेराचा लवकर पाठ झाला, तर या वेळी होऊ दे.

तुझीच, अजून तेरा सत्तेला अडकणारी,
कॅथरिन