परीक्षकांच्या पाठीमागे झालेल्या चालीबाबत

प्रति,
मा. मुख्य परीक्षक,
श्वान प्रदर्शन समिती,
क्रीडांगण कार्यालय.

विषय : लाडोबा (लॅब्रॅडोर, रिंगणातील क्रमांक नऊ) याच्याविषयीच्या शेऱ्यात दुरुस्ती होणेबाबत.
संदर्भ : रविवारच्या प्रदर्शनातील आपला शेरा, "चाल दाखवली नाही."

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार (लाडोबाची मालकीण, व्यवसाय शिवणकाम) सविनय कळवते की, आपल्या शेऱ्यामुळे अर्जदाराच्या घरात दोन जीव रुसून बसले आहेत. एक लाडोबा. दुसऱ्या म्हणजे अर्जदाराच्या सासूबाई.

१. परीक्षक कुत्र्यांची आपसात तुलना करत नाहीत, तर प्रत्येकाला जातीच्या आदर्श नमुन्याशी ताडून पाहतात, असे समितीच्या माहितीपत्रकावरून समजले. दात, खांदे, पाठीची रेघ, शेपटी, आणि शेवटी चाल. परक्याने तोंडात हात घातला तरी कुत्र्याने शांत उभे राहावे, म्हणून घरी सराव घ्यायचे ठरले. परीक्षक कोण, यावर चर्चा झाली नाही. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि विषय संपला.

२. येथे नमूद करणे आवश्यक आहे की, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंनी खुर्ची सोडली नव्हती. चाला, चाला म्हणून डॉक्टरांचे तोंड दुखले, अर्जदाराच्या यजमानांनी हातापाया पडून पाहिले. "पडले तर तू उचलणार आहेस का?" हा त्यांचा रोकडा सवाल. मात्र परीक्षकपद मिळताच त्या काठी घेऊन उठल्या. अर्जदाराची टेप गळ्यात घालून त्यांनी लाडोबाचे खांदे मोजले, आणि अर्जदाराच्या स्वयंपाकाला आजवर कधी मिळाली नाही अशी शाबासकी त्याच्या शेपटीला दिली. त्याबद्दल तक्रार नाही.

३. चूक झाली ती चालीच्या वेळी. परीक्षकाने उभे राहायचे व मालकाने कुत्रा चालवायचा, असा नियम आहे. सासूबाईंनी तो मोडीत काढला. "याला काय कळतंय? मी दाखवते कसं चालायचं," म्हणून त्या स्वतः पुढे आणि लाडोबा मागे. आधी खोलीभर, मग गॅलरीतून, मग चक्क जिन्यापर्यंत. मागून येणारा कुत्रा परीक्षकाला दिसणार कसा, हे अर्जदाराच्या लक्षात आले होते. परंतु सासूबाई चालत होत्या, म्हणून अर्जदार मूग गिळून गप्प बसली.

४. रविवारी आपण दात पाहिलेत, पाठीवरून हात फिरवलात, "झकास" असे पुटपुटलात, ते अर्जदाराने ऐकले आहे. मग "चालवा" म्हणालात आणि जागीच उभे राहिलात. लाडोबा बसला. परीक्षक निघाल्याशिवाय निघायचे नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेले. अर्जदाराने चुचकारले, डोळे वटारले; व्यर्थ. अखेर आपण शेरा लिहून दहा नंबरकडे वळलात, त्याबरोबर लाडोबा उठला आणि आपल्या मागोमाग असा चालला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मान ताठ, पाठ सरळ, डौल काय विचारता! टाळ्या दहा नंबरसाठी आहेत असा आपला समज झाला. दहा नंबर तेव्हा बसून कान खाजवत होता.

५. परीक्षकांच्या टोपीला मागे आरसा असावा, अशी सूचना मसुद्यात होती. यजमानांनी ती खोडली.

६. खरे सांगायचे तर अर्जदाराला पदक नको आहे. "माझ्यामुळे बिचाऱ्याचं नुकसान झालं," म्हणत सासूबाईंनी टेप खुंटीला टांगली आणि पुन्हा खुर्ची धरली. लाडोबा त्यांच्या पायाशी पडून आहे. परीक्षक उठेपर्यंत तोही उठायचा नाही. अर्जदाराला हे बघवत नाही.

तरी कृपया शेरा "चाल पाहणे बाकी" असा दुरुस्त करून तसे पत्र थेट सासूबाईंना पाठवावे. पुढील प्रदर्शनाची तारीख कळवल्यास उत्तम. न कळवल्यास अधिक उत्तम, सराव तेवढाच लांबेल.

आपली नम्र व आपल्या टपालाकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
लाडोबाची मालकीण, परीक्षकबाईंची सून
दिनांक : प्रदर्शनानंतरचा बुधवार

सोबत : पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट.

टीप : आमची टपालपेटी जिन्याखाली आहे. ती सासूबाईंखेरीज कोणीही उघडायची नाही, असे घरात ठरले आहे. पुढे यजमान असतील. मागे लाडोबा असेलच.