दाराच्या पत्र्याला हात

देवळाली प्रवरा,
७ डिसेंबर २०२५

चि. कल्याण यास राधाकृष्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पायाचं प्लास्टर अजून दीड-दोन महिने राहणार असं तुझ्या अक्काने खुणा करून सांगितलं. शाबास मेहुण्या! जन्मभर जामखेडात लोकांच्या गाड्यांच्या वायरी जोडल्यास आणि स्वतः घरच्या जिन्यावरून घसरलास. आता पडल्या पडल्या दाजीचं एक काम कर.

फोनवर बोलण्याशी माझा संबंध सुटला. साखर कारखान्याच्या मिलहाउसात, उसाच्या चरकांपाशी नोकरी करताना अर्धे कान गेले होते, उरलेले वयाने नेले. कानाचं मशीन लावलं की नुसती भांडी आदळतात, शब्द एक कळत नाही. मोबाईलवर लिहायचं तर माझं बोट दोन अक्षरांवर एकदम बसतं. म्हणून हे पत्र. आणि यातलं अक्षरही अक्काला कळता कामा नये, तुला माझी शपथ आहे.

गावातल्या बायकांना खुरपणीची गाणी म्हणायला नगरच्या रेडिओ केंद्राने बोलावलंय. पुढं म्हणणारी तुझी अक्का. महिनाअखेरीला रेकॉर्डिंग आहे आणि संक्रांतीला सकाळी ते लागणार. मला ते ऐकायचंय. हसू नकोस. मागं राहुरीला जाताना गाडीतला रेडिओ चुकून चालू झाला आणि माझा हात दाराच्या आतल्या स्पीकरवर होता. एकदम हाताला ढोलकीचा ठेका लागला! बटण बंद केलं, ठेका गेला. चालू केलं, परत आला. किती दिवसांनी बाहेरचं काहीतरी माझ्या आत आलं, तुला काय सांगू.

पण तो राहुरीच्या मोकळ्या रस्त्यावर. आमच्या अंगणात गाडी उभी केली की ठेका कमी आणि हाताला मुंग्याच जास्त. म्हणजे ती खरखर असणार, एवढं मला आठवतं. गाणारं माणूस थांबलं की हातही गप्प व्हायला पाहिजे, तर मुंग्या आपल्या चालूच. अक्का कुठं थांबते, कुठं उचलते, तेच तर मला धरायचंय. तू म्हणशील, बायको घरातच आहे, तिच्या पाठीवर हात ठेव. अरे, ती गाते ती चार बायकांत, मोकळ्या रानात. पुढ्यात बसवून गा म्हटलं तर पदर तोंडाला लावून पळेल.

काय करू ते सविस्तर लिही. पाय उशीवर उंच ठेव. तुझ्यावर माया आहेच, ती रेडिओ दुरुस्त झाला की आणखी वाढेल.

तुझा दाजी,
राधाकृष्ण


जामखेड,
११ डिसेंबर २०२५

ती. दाजींना कल्याणचा प्लास्टरसह साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. खरखर दुरुस्त करायला आजवर शेकड्याने गिऱ्हाइकं आली, पण खरखर हाताने मोजणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी हसलो नाही. खरं सांगतो, पत्र पुन्हा पुन्हा वाचून उशीखाली ठेवलं.

आता मी सांगतो तसं करा. गाडी पत्र्याच्या शेडखालून आणि विजेच्या तारांपासून लांब, मोकळ्यावर काढा. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवून रेडिओ लावा आणि हात ठेवा. मुंग्या किती ते लक्षात ठेवा. मग इंजिन चालू करून हळूहळू रेस द्या. रेसबरोबर मुंग्या वाढल्या तर त्रास गाडीच्या आतला आहे. तसं असलं तर मोबाईलचा चार्जर, तो तुम्ही सिगारेटच्या भोकात कायम खुपसून ठेवता ना, तो उपटून बाजूला ठेवा. स्वस्तातले चार्जर लई आगाऊ असतात. शेवटी एरियल दोन बोटांत धरून बघा, हाताला काही फरक पडतो का. एका वेळी एकच गोष्ट करा दाजी, सगळं एकदम करू नका, नाहीतर कशाने बरं झालं ते कळायचं नाही.

अक्काला सांगत नाही. पण तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे मला लहानपणापासून घाम फुटतो.

आशीर्वाद असू द्या, आणि पुढचं पत्र तपासणीच्या निकालासह पाठवा.

आपला मेहुणा,
कल्याण


देवळाली,
१५ डिसेंबर २०२५

चि. कल्याणास गीताअक्काचा आशीर्वाद, लई लई.

फोनवर तू हसवतोस आन् सांगायचं तेच ऱ्हाऊन जातं, म्हनून लिहिते. अक्षराला हसू नको.

तुझ्या दाजींचं काय खरं न्हाई रे. सकाळी गाडी अंगनात काढत्यात, काचा लावत्यात आन् दाराला गाल लावून बसत्यात. मधीच गाडी जाग्यावर घुर्रघुर्र करत्यात. काल तर बाहेर येऊन एरियल धरून उभे हुते, देवाच्या काठीवानी. शेजारची बनुबाई मला इचारती, गीताबाई, मालकांचं बरं हाय ना? मी काय सांगू? वरीसभर ते घरात बोलनं कमी करत चालल्यात. कुनाच्या लग्नाला येत न्हाईत, पारावर बसत न्हाईत. म्हनत्यात, लोक हसत्यात आन् मी कशाला हसायचं ते मला कळत न्हाई. आता हे गाडीचं नवीन. मला भ्या वाटतं बाबा.

आन् दुसरं. त्या रेडिओच्या गान्याला मी येत न्हाई म्हनून बायांना सांगून टाकलंय. यांना सांगू नको, मला रागावतील. तुला म्हनून सांगते. आमी उसात खुरपायचो तवा हे कारखान्यातली पाळी सुटली की पाटाचं पानी धरायला यायचे. मी गानं उचललं, आन् "दारं धरी माझा धनी, पानी उसाला वळवी" ही ओळ आली, की बांधापलीकडं यांचं फावडं थांबायचं. तोंडानं कधी बरं म्हनले न्हाईत. पर फावडं थांबायचं, आन् मला तेवढं पुरायचं. आता जगानं ऐकलं तरी मानूस माझ्यापुढं दगडावानी बसनार. मग मी कुनासाठी गावं?

लई लिहिलं. पाय जप. भनीवर जीव हाय तसा ऱ्हाऊ दे.

तुझी अक्का


देवळाली प्रवरा,
१८ डिसेंबर २०२५

चि. कल्याण यास आशीर्वाद.

सगळं तू सांगितलंस तसं, एकामागून एक केलं. इंजिन बंद असताना मुंग्या थोड्या. रेस दिली की वाढतात, अगदी खांद्यापर्यंत येतात. चार्जर उपटला आणि निम्म्या तिथंच गेल्या! मी गाडीत एकटाच टाळ्या वाजवल्या. बनुबाई कुंपणावरून बघत होती, बघू दे.

उरलेल्या मात्र हटत नाहीत. एरियल घट्ट धरून खाली दाबलं की कमी होतात, सोडलं की परत. ते एरियल तसं नवीनच आहे. जुनं उसाच्या वाटेने जाताना पाचटात अडकून मोडलं. दसऱ्याआधी गाडीला सगळा नवीन रंग मारून घेतला, तेव्हाच रंगवाल्याने हे बसवून दिलं. अक्काने त्याला काळ्या दोऱ्यात बिबा बांधलाय, दृष्ट लागू नये म्हणून. त्याने काही होतं का?

एक गोष्ट मनाला लागून आहे. गाण्याचं बोलावणं आल्यापासून अक्का भाकरी थापताना सारखी पुटपुटायची. मला ऐकू येत नसलं तरी ओठ दिसायचे ना. गेल्या आठवड्यापासून तिचे ओठ गप्प आहेत. विचारलं तर हात हलवते, काही नाही म्हणून. तुझ्याशी काही बोलली का? मला भीती वाटते, मी एरियल नीट करीन आणि ती गाणारच नाही.

उत्तर लवकर टाक, दिवस थोडे राहिलेत. तुझ्या पायावरही लोभ आहे, तो लवकर जमिनीला लागो.

तुझा दाजी


जामखेड,
२२ डिसेंबर २०२५

ती. दाजी आणि ती. अक्का, दोघांना एकाच पाकिटात नमस्कार, वि. वि.

दाजी, हे पत्र तुम्ही वाचा आणि लगेच, गाडीत लपवून न ठेवता, अक्काच्या हातात द्या. तुम्ही दोघांनी मिळून माझ्या पोटात एवढं भरून ठेवलंय की पाय सांधायच्या आधी पोट फुटेल. मी दोघांचाही शब्द मोडतोय. रागवायचं तर दोघं एकदम रागवा.

अक्का, दाजी भ्रमिष्ट झालेले नाहीत. संक्रांतीला तुझं गाणं त्यांना दाराच्या पत्र्यातून हाताने ऐकायचंय. म्हणून ते खरखर काढत बसलेत. तू ज्याला वेड म्हणतेस ती तुझ्या गाण्याची तयारी चाललीय, बाई!

दाजी, अक्काने गाण्याला नकार दिलाय. कारण तुम्ही ऐकणार नाही असं तिला वाटतं. बांधावर तुमचं फावडं कुठल्या ओळीला थांबायचं ते तिला अजून पाठ आहे. आता तुम्ही दोघं एकमेकांकडं बघून काय ते ठरवा.

आता एरियल. रोग सापडला. एरियलच्या बुडाला गाडीचा उघडा पत्रा लागावा लागतो, त्यालाच आम्ही अर्थिंग म्हणतो. तुमच्या रंगवाल्याने नव्या रंगाच्या थरावरच एरियल बसवलंय. दाबलं की जरा टेकतं, सोडलं की उचलतं. आतून नट सैल करा, एरियल वर काढा, बुडाखालचा रंग पॉलिश पेपरने घासा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. कडेला थोडं ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही, आणि नट परत आवळा. आवळताना वरून एकाने धरावं लागतं, ते अक्काने धरावं. बिब्याने काही होत नाही, तो राहू द्या. माझ्या पायाला मात्र एक बांधून पाठवा.

दोघांचा जीव माझ्यावर आहे तेवढाच एकमेकांवर असू द्यावा, ही विनंती.

तुमचा भांडखोर,
कल्याण


देवळाली,
३० डिसेंबर २०२५

चि. कल्याणास अक्काचा आशीर्वाद.

मेल्या, तुझं भलं हुवो! पत्र वाचून मी चुलीपाशीच बसले. हे समोर उभे, हातात पॉलिश पेपर. मी रडत हुते आन् हे म्हनत्यात, नंतर रड, आधी एरियल धर. वर मी धरलं, आत यांनी आवळलं. मग मला आत बसवून इचारलं, आता कसंय? मी कान लावला, तर सोच्छ आवाज! मी दोन्ही हात वर केले तवा पोरावानी हसले. किती दिसांनी हसले रे.

काल रेकॉर्डिंग झालं. बाया जीपनं गेल्या, आमी दोघं गाडीनं. मागून हॉर्न वाजला की मी यांच्या मांडीवर थाप मारायची असं ठरलं हुतं. नगर येस्तोवर माझा हात दुखून आला. जामखेडला यायचं लई मनात हुतं, पर अंधार पडला.

एक चूक झाली, ती तुलाच सांगते. दुसऱ्या गान्यात ती ओळ आली आन् मला बांधावरचं फावडं दिसलं. "माझा धनी" म्हनले आन् थांबले, आवंढा गिळला, मग फुडं म्हनले. बायांना वाटलं मी दम घेतला. तिथल्या बाईंना म्हनले परत घ्या, तर त्या म्हनल्या, असू द्या आजी, कुनाच्या ध्यानातबी यायचं न्हाई. ही तेवढी गोष्ट दाजींना सांगू नको हं. या बारीला खरंच सांगू नको!

बिबा पाकिटात घातलाय. जीव लाव, अन्न नीट खा.

तुझी अक्का


देवळाली प्रवरा,
१५ जानेवारी २०२६

चि. कल्याण यास अनेक आशीर्वाद आणि तिळगूळ. तो पाकिटात चुरला असेल, चाटून घे.

काल सकाळी गाडी अंगणाच्या मधोमध लावली. बनुबाई, तिची सून रेश्मा, आणखी पाचसहा बायका भोवती जमल्या. तुझी अक्का गुळाच्या पोळ्यांचं निमित्त करून आत पळत होती, मी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. माझ्या बाजूचं दार लावून घेतलं आणि पत्र्यावर तळहात टेकला.

मुंग्या नव्हत्या. एकही नव्हती, कल्याण. पहिलं गाणं सुरू झालं ते ठेक्यावरून कळलं. मी मांडीवर बोटांनी ताल धरला आणि रेश्माकडं बघितलं. तिने मान डोलावली, बरोबर आहे म्हणून. सगळ्या बायकांनी गाणं उचललं की पत्रा भरून यायचा, अक्का एकटी म्हणायला लागली की बारीक व्हायचा. मला शब्द येत नव्हते, पण गाणी मला पाठच आहेत. कुठं काय चाललंय ते मी मनात जुळवत होतो.

दुसऱ्या गाण्यात पत्रा मधेच गप्प झाला. एक आवंढा गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग परत सुरू.

संपल्यावर सगळ्यांनी तिला धरलं, कौतुक केलं. तूही फोन करून कुठं खोट नाही असं सांगितलंस म्हणे. बायका पांगल्यावर मी तिला विचारलं, की दुसऱ्या गाण्यात "दारं धरी माझा धनी" पाशी तू थांबली होतीस का. तिला वाटलं तू चुगली केलीस, तिने तुझं नाव घेऊन मान हलवली, त्याने सांगितलं का म्हणून. मी म्हटलं, कल्याणने काही नाही सांगितलं, मला हाताला लागलं.

तेव्हा तिने काय केलं माहीत आहे? दोन्ही हातांनी फावडं धरल्यासारखं केलं, ते हवेत तसंच थांबवलं, आणि माझ्याकडं बोट दाखवलं. त्या ओळीला मी थांबायचो, या वेळी ती थांबली. मला रडू आवरलं नाही. तीही रडली. रेडिओवर पुढं काय लागलं होतं कोण जाणे, आम्ही पत्र्याला हात लावून तसेच बसलो होतो. पोळी तव्यावर करपली ती मात्र मला वासाने कळली.

पाय सुटला की ये. गाडीला चार दारं आहेत, एक तुझ्यासाठी ठेवलंय. आमच्या दोघांचा लोभ तुझ्यावर आहे, तो न्यायला तुला स्वतःच यावं लागेल.

तुझा दाजी,
राधाकृष्ण

ता. क. अक्का आज भाकरी थापताना पुटपुटत होती. मी मागून जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. पळाली नाही.