शेवटचं ठाण

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे, मी आणि माझी घोडी ठकी. ट्रकमधून उतरता उतरता तिने ड्रायव्हरची टोपी उडवली, म्हणजे स्वारी खुशीत आहे. पागा वाटली होती त्याहून झकास निघाली. विटांची, उंच छपराची, ओळीने पाच ठाणं, समोर दगडी हौद, पलीकडे चरायला कुरण. आणि भाडं काहीच नाही. मालकीणबाई म्हणाल्या, पैसे नकोत, फक्त निगा राखायची. बिजागऱ्यांना तेल, गळक्या छपराची डागडुजी, सगळी ठाणं रोज झाडायची. शेवटचं ठाण रिकामं आहे, तिथेही रोज ताजा पेंढा आणि बादलीभर पाणी, पण जनावर बांधायचं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, इथली रीतच आहे. असेल बापडी.

दादा नेहमी चिडवायचा, एवढा जीव लावतेस तर घोडीशीच लग्न लाव. वहिनीने तर परसात घोडी नको म्हणून घरच डोक्यावर घेतलं होतं. आता या म्हणावं बघायला.

८ ऑक्टोबर
दिवस कसा जातो कळत नाही. लीद उचलायची, फरशी धुवायची, मग ठकीला निवांत खरारा. ती जन्मली आणि तिची आई गेली. बाटलीने दूध पाजून मी तिला वाढवलं. माझ्याशिवाय कुणाला ती अंगाला हात लावू देत नाही आणि मला त्याचा गर्व आहे, उगाच नम्रपणा कशाला. शेवटच्या ठाणातली बादली सकाळी अर्धी असते. उंदीर असतील.

१४ ऑक्टोबर
सकाळी गेले तर ठकीची आयाळ विंचरलेली आणि वेणी घातलेली. चार पदरांची, घट्ट, सुरेख. मी घातली नव्हती. मला आजवर तीन पदरांचीच जमते.

मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, निगा राखली जातेय ना, मग झालं तर. म्हणजे दुसरं कुणी येतं? त्यांनी भाजी निवडायला घेतली. मी वेणी सोडून टाकली. ठकीने मान झटकली, माझ्या मनाला ते लागलं.

१९ ऑक्टोबर
आज नालबंद आला होता. एरवी पाय उचलायला ठकी घाम काढते. आज एकेक पाय आपणहून दिला. तो म्हणाला, कुणाचा तरी फार चांगला हात फिरलाय हिच्यावर. माझाच, असं मी बेधडक खोटं सांगितलं. पण पुन्हा घातलेली ती वेणी बघून तो जरा थबकला. म्हणाला, अशी वेणी मागचा भाडेकरू घालायचा, आपल्या तांबड्या घोडीला. वेडा जीव होता तिच्यावर. मग एक दिवस दिसेनासाच झाला. घोडी इथेच राहिली, बाईंनी नंतर विकली.

असं जनावर टाकून कोण जातं? मी तर मेले तरी जाणार नाही.

२३ ऑक्टोबर
ठकी माझ्या हातून गाजर घेत नाही. मी आत गेले की कान मागे पाडते आणि शेवटच्या ठाणाकडे तोंड करून उभी राहते. तिथे बघून हलकेच फुरफुरते. ते फुरफुरणं माझं होतं, लहानपणापासून फक्त माझं.

भीती वाटते का? वाटते. पण त्याहून जास्त जळफळाट होतो. कोण असेल तो असो, त्याने माझ्या घोडीला नादी लावलंय. आज मी त्या ठाणात पेंढा टाकला नाही. बादलीही उपडी केली. बस म्हणावं गार फरशीवर.

२४ ऑक्टोबर
शेवटच्या ठाणात पेंढा आहे. ठकीचा. तिच्या पायाखालची फरशी उघडी पडलीय आणि ती शांत उभी आहे, आपलं अंथरूण देऊन टाकल्यासारखी. त्या पेंढ्यात खळगा पडलाय. माणूस कुशीवर झोपला की पडतो तसा. हात लावला, कोमट होता.

माझ्यासाठी तिने कधी पेंढ्याची काडीसुद्धा सोडली नव्हती. त्याला मात्र सगळं.

२५ ऑक्टोबर
ठरवलं. ती जागाच भरून टाकायची. मी तिथे राहिले तर तो टेकणार कुठे? दुपारीच बिछाना नेला. त्या खळग्यात पडून पाहिलं.

बरोब्बर माझ्याच मापाचा.

आणि ठकीने मान वळवली. फुरफुरली. माझ्याकडे बघून. मी हमसून हमसून रडले.

२६ ऑक्टोबर
उजाडताना फाटकातून एक माणूस बाहेर गेला. केसांत पेंढा. मागे वळून पाहिलं नाही. घाईत होता, सुटी झाल्यासारखा.

ठकीची आयाळ विंचरली. चार पदर. हाताला आपसूक जमले.

२९ ऑक्टोबर
मालकीणबाई आल्या होत्या. मी हाक मारली, त्या माझ्या आरपार बादलीकडे बघत राहिल्या — बरोबर एक मुलगी. तिला सांगत होत्या, आधीची भाडेकरू घोडी टाकून निघून गेली. ही घोडी आता तूच सांभाळ. भाडं नको, फक्त निगा —

मी इथेच आहे म्हणाले. दोनदा. ठकीने कान टवकारले, बाकी कुणी नाही.

नोव्हेंबर असेल
मुलीचा हात जड आहे. खरारा उलटा फिरवते. मी मागाहून सगळं नीट करते. वेणी घालते. ती सोडते. मी घालते.

तिने ठकीला गाजर दिलं. ठकीने — नाही घेतलं. माझी गुणाची बाय.

—
आज पेंढा टाकला नाही तिने. मुद्दाम. फरशी गार — ठकी, थोडा दे, तुझ्या पायाखालचा, थोडाच —

—
मुलगी दारात उभी आहे. त्या पेंढ्याकडे बघतेय. तो चेहरा मी ओळखते, माझाच होता. बगलेत बिछाना आणलाय.

ती इथे आडवी झाली की मी सुटेन. फाटक उघडं आहे. दिसतंय इथून.

पण त्याचं बरं होतं, ठकी त्याची नव्हती, त्याची घोडी कधीच विकली गेली होती. मी गेले तर ठकी हिच्याकडे बघून —

नाही. सरकणार नाही. झोप म्हणावं माझ्या अंगावर. दोघी राहू, पण ठकी बघेल ती माझ्याच —

ती वाकली. ठकी फुरफुरली. कुणाकडे बघून, कळत नाही, ठकी, इकडे, इकडे बघ ना, मी —