दारावरचा खडू

३१ ऑक्टोबर १९९७, चामराजपेट

गल्लीत भुताची आवई उठली आहे. ते परत जावं म्हणून लोक दारावर खडूने कानडीत ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहून ठेवतात. आमच्या दारावरचं मी सकाळीच पुसलं, वर बायकोला अडाणी म्हणालो.

संध्याकाळी पुण्याहून आलेला माझा कॉम्प्युटरवाला भाचा हॅलोविनची म्हणून भुताच्या सिनेमाची कॅसेट घेऊन आला. मी हसायला बसलो. पण काय सिनेमा! भूत दाखवतच नाहीत. फक्त दारावर थाप. एवढ्याने घाम फुटावा? दिग्दर्शकाला दंडवत.

संपल्यावर भाचा हळूच म्हणाला, “मामी, ते कानडीत कसं लिहायचं?”

“स्वल्प थांब. खडू तुझ्या मामांच्या खिशात आहे.”

होता खरा. सिनेमातल्या पहिल्या थापेलाच गुपचूप उचलला होता.