कुंपणाखालची आग

१९ ऑगस्ट

पुन्हा धूर. सीमेवरच्या कुंपणाच्या बाजूनेच. सकाळी खिडकी उघडली आणि आईला ठसका लागला, तो न्याहारी होईपर्यंत थांबेना.

ज्वाळा कुठेच नाहीत. असत्या तर बरं झालं असतं! ज्वाळा दिसते, तिच्यावर पाणी मारता येतं. ही आग पायाखाली आहे. आमची दलदल म्हणजे शेवाळ कुजून कुजून झालेली पीटची जमीन. ओली आहे तोवर स्पंज, वाळली की कोळसा. आणि यंदा जूनपासून नीट पाऊस नाही.

कुंपणालगतच्या चराच्या काठाने लोखंडी सळई खुपसत गेले. एका जागी सळई वर काढली तर हातात धरवेना.

दुकानापाशी रापोलास भेटला, दुधाचे कॅन गाडीत चढवत होता. म्हणाला, "तुला अजून कळलं नाही, गेनुते? तिकडच्यांनी लावलीय. मुद्दाम." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बहुतेक मीही डोलावली.

२० ऑगस्ट

सीमा चौकीवर गेले. तिथला लेफ्टनंट तौत्विदास, वयाने माझ्या भाच्याएवढा, पण बोलतो मोजून. "बाई, आम्ही पलीकडे कळवलंय. उत्तर नाही."

"पुन्हा कळवा."

"पुन्हा कळवलं. पुन्हा उत्तर नाही."

पूर्वी पलीकडच्या, बेलारूसच्या वनखात्यातल्या माणसाला मी थेट फोन करायची. मुलाबाळांची चौकशी व्हायची, मग पाण्याची. आता तो नंबर लागतच नाही.

२२ ऑगस्ट

एकच उपाय आहे. दलदलीचं पाणी वाहून नेणारा चर बुजवायचा. तीन ठिकाणी फळ्या ठोकून पाणी अडवायचं, जे काही थोडंफार उरलंय ते पीटमध्ये मुरू द्यायचं. माझ्या कचेरीने, दलदल-संरक्षण खात्याने, परवानगी दिली. पण चर बुजला की रापोलासचं कुरण पाण्याखाली जाणार, आणि त्याचं दुसऱ्या कापणीचं गवत अजून तिथेच पडलंय.

त्याच्या अंगणात उभ्याउभ्याच भांडण झालं.

"हिवाळ्यात गायींना काय घालू? तुझ्या दलदलीतलं शेवाळ?"

"आग आली तर गवतही जाईल, गोठाही जाईल."

"येईल तेव्हा बघू. कुंपण आहे ना मध्ये! एवढा पैसा घातलाय सरकारने."

जमिनीखालून येणाऱ्या आगीला कुंपण काय करणार? हे त्याला समजत नाही असं नाही. समजून घ्यायचं नाही.

त्याची बायको आतून ताकातलं थंड बिटाचं सार घेऊन आली, "आधी जेवा दोघं, मग भांडा." मी जेवले नाही. आता वाटतं, जेवायला हवं होतं.

२३ ऑगस्ट

बर्चची सात-आठ झाडं आडवी. वारा नसताना! खाली मुळंच जळून गेलीयेत.

२४ ऑगस्ट

कुंपणापलीकडे एक माणूस दिसला. खाकी टोपी, रबरी बूट, हातात फावडं. एकटाच खणत होता. मी थांबले, तोही थांबला. माझ्यामागे चौकीचा शिपाई होता, म्हणून मी हात केला नाही.

घरी आईला सांगितलं. ती एकदम उठून बसली. "कसा होता? कुठल्या गावचा?" मला काय माहीत! तिचं माहेर तिकडचं, झारेच्ये. तिची थोरली बहीण, माझी यादव्यागा मावशी, अजून तिथेच आहे. असावी. शेवटचं पत्र दोन वर्षांपूर्वीचं. आई म्हणाली, "मग विचारलं का नाहीस त्याला?"

२६ ऑगस्ट

आज वाईट झालं.

रापोलासची गाय कुरणाच्या टोकाला चरत होती. वरून हिरवंगार. तिचा मागचा पाय खाली गेला. खाली पोकळी, पोकळीत निखारे. तिचं ओरडणं आमच्या अंगणापर्यंत ऐकू आलं. मी पोहोचले तेव्हा चौघांनी दोर लावून तिला ओढून काढलं होतं, पण पाय... लिहवत नाही. रापोलास आत जाऊन बंदूक घेऊन आला. गोळी त्यानेच घातली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मग तिथेच बसला, तिच्या मानेवर हात ठेवून. तिथूनच म्हणाला, "कधी बुजवायचा चर?"

"उद्याच."

"माझा ट्रॅक्टर ने." आणि मग, कुंपणाकडे बघत, "त्यांना मात्र मी सोडणार नाही."

२७ ऑगस्ट

दिवसभर फळ्या, चिखल, पुन्हा फळ्या. सगळं गाव आलं होतं. म्हाताऱ्या ऑनाबाईंनी बटाट्याचे डोसे आणि आंबट साय बादलीभर आणली! हात सोलले. पहिला बांध टिकला, दुसरा वाहून गेला, तो पुन्हा घातला.

टोपीवाला पलीकडून बघत होता. शेवटची फळी ठोकली तेव्हा त्याने फावडं उंच धरलं. आमच्यातलं कुणीतरी त्याला शिवी हासडली. मी कुणाकडे बघितलं नाही.

२९ ऑगस्ट

पाणी वीतभर चढलंय. सळई थंड लागते, निदान दोन जागी. विश्वास बसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा खुपसून बघते.

आज आई हट्टाला पेटली. काठी घेऊन, कोट चढवून निघाली. "मला कुंपणापाशी ने." नेली. टोपीवाला होता. तौत्विदासही होता, म्हणाला, "बाई, बोलायची परवानगी नाही." आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला आणि पाठ फिरवून सिगारेट पेटवायला लागला. भला मुलगा आहे.

आईचा आवाज पोहोचेना. मग मीच ओरडले, "यादव्यागा! झारेच्ये! यादव्यागा!"

ऐकू येत नाही म्हणून त्याने कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडले. मग त्याने कमरेत वाकून, फावड्याची काठी करून, तुरुतुरु चालून दाखवलं! मध्येच थांबून, काठी उगारून, कुणालातरी दटावल्यासारखं केलं. आई इतकी हसली की तिला पुन्हा ठसका लागला. "तीच! तीच गं! अजून तशीच आहे मेली!"

मग त्याने छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. बराच वेळ. आणि मागे गावाकडे बोट केलं. तिकडे धूर आमच्यापेक्षा दाट आहे.

परत येताना आई दर चार पावलांनी मागे वळून बघत होती.

३१ ऑगस्ट

आमच्याकडे धूर जवळपास संपला. तिकडे वाढतोय. दोरीवरच्या चादरींवर राख पडते, ती पूर्वेकडून येते.

दुकानात रापोलास म्हणाला, "लावली त्यांनी, भोगतील ते." लोक हसले. मी ब्रेड घेतला आणि बाहेर पडले. आई घरी विचारते, मावशीकडे पंप असेल का? विहिरीला पाणी असेल का? मी म्हणते, असेल. मला काय ठाऊक!

टोपीवाला आज नाही.

१ सप्टेंबर

आजही नाही.

२ सप्टेंबर

कुंपणापलीकडे दुपारभर गाड्यांचे आवाज. माणसं हलवताहेत की सैन्य? तौत्विदासलाही माहीत नाही. आई खिडकीशी बसून आहे. तिचं जेवण तसंच.

मी कचेरीला लिहून टाकलं — पंप, पाइप, जे असेल ते पलीकडे देऊ करा, वरून रीतसर विचारा. साहेबांचा फोन आला. "गेनुते, आपल्या लोकांना काय सांगू? ज्यांनी आग लावली त्यांनाच पंप?"

४ सप्टेंबर

राजधानीतून, विल्नियसहून, नकाशा आला. ड्रोनने सगळ्या दलदलीची उंची मोजलीय, पीट जिथे जळून गेलं तिथे जमीन खाली बसलेली दिसते. सगळ्यात खोल, सगळ्यात जुना खड्डा आमच्या गावामागे आहे, पीट काढायच्या बंद पडलेल्या खाणीत. तिथे धूर नव्हता म्हणून कुणी गेलंच नाही. धुमसायचं संपून तिथलं सगळं कधीच गार झालंय. तिथून एक काळी रेघ सरळ निघते, कुंपणाखालून जाते आणि झारेच्येच्या दिशेने रुंद होत जाते.

आग आमच्याकडून गेली.

आई खिडकीतून विचारते, "काय गं, काय आलंय?" नकाशा घडी घालून मी या वहीत ठेवलाय.