फाटकाची ओळ

१४ जुलै, सोमवार

आजचा तिसरा प्रवासी! पायात चपला, गाडीत अर्धी बाटली पाणी, आणि मला विचारतो, "आत डोंगरात रेंज असते ना?" असते की! तुझ्या आजोबांनी टॉवर उभारून ठेवलाय! — अगदी ओठांवर आलं होतं. माहिती केंद्राच्या खिडकीतल्या बाईनं हसायचं असतं म्हणून हसले. वायोमिंगचा नकाशा दिला, तर त्यानं वारा घ्यायला सुरुवात केली.

१६ जुलै

मारलिस गावच्या पर्यटन समितीची प्रमुख झाल्यापासून तिला सगळंच गोड हवं असतं. म्हणे, प्रवाशांसाठी सूचनांचा कागद लिही. "पाचच ओळी, ओपल. आणि जरा प्रेमानं लिही गं!"

मी दोन पानं लिहिली. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा. माणशी रोज एक गॅलन पाणी. रस्त्यावर चिखल दिसला तर मागे फिरा. गव्याजवळ फोटो काढायचा असेल तर आधी मृत्युपत्र करा. गुरांच्या कुरणांतून जाताना फाटक जसं सापडेल तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

"मृत्युपत्र काढ," मारलिस म्हणाली. "आणि हे फाटकाचं केवढं लांबलचक!"

मी काढणार नाही.

२० जुलै, रविवार

हरामखोर!! कुणीतरी डेलच्या कुरणाचं खालचं फाटक उघडं टाकून गेलं. वळू हमरस्त्यावर गेला, ट्रकनं उडवला. डेल माझा धाकटा भाऊ. बायको गेल्यापासून त्याला त्या गुरांशिवाय कोण आहे? तो टोपी हातात धरून नुसता उभा. दोघांच्या वाट्याचं मीच ओरडले.

घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. 'जसं सापडेल तसं' म्हणे! ही माणसं संडासाचं दार लावत नाहीत, त्यांना हे काय कळणार? ओळ खोडली. मोठ्या अक्षरांत लिहिलं — दिसेल ते प्रत्येक फाटक बंद करा!

मारलिस खूश. "बघ, किती सुटसुटीत झालं!"

२ ऑगस्ट

पावसाचा पत्ता नाही. कागद संपले, आणखी छापून आणले.

डेल खिडकीशी येऊन गेला. त्याच्याकडचं तळं आटलं. वरचं फाटक उघडून टाकलंय म्हणाला, गुरं पलीकडच्या झऱ्यावर जाऊन पाणी पितात. "बरं केलंस," म्हटलं. मागे रांग होती, चपलावाल्यांची.

९ ऑगस्ट, शनिवार



चार दिवस डेल गवत कापण्यात अडकला होता. आज वर गेला तर फाटक बंद. गुरं कुंपणाच्या तारेला टेकून पडलेली, समोर झरा दिसतोय आणि मधे फाटक. अकरा मेली. पर्लसुद्धा. तिला मी माझ्या स्वयंपाकघरात बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

"साखळीसुद्धा नीट लावलीय, ओपल," डेल म्हणाला. "वाऱ्यानं नाही झालं हे. हँकनं केलंय."

हँक त्याचा शेजारी. कुंपणावरून दोघांचं वर्षभर बोलणं नाही. उद्या डेल त्याच्या दारात जाणार आहे. त्याचा आवाज ऐकून मला भीती वाटली, पण बोलले मात्र भलतंच. म्हटलं, "जाच! मीही येते! अशा माणसाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही!"

तहानेनं मारलं रे त्यांना. तहानेनं!

१० ऑगस्ट, सकाळ

डेल मला केंद्रावरून घेणार होता. वाट बघताना तिथली प्रवाशांची शेरेवही चाळली. एरवी मी ती उघडतही नाही. मंगळवारची नोंद, ओहायोचं एक म्हातारं जोडपं, सुरेख अक्षर —

'खिडकीतल्या बाईंचे आभार. त्यांचा कागद आम्ही तंतोतंत पाळला. वर एक फाटक कुणीतरी सताड उघडं टाकलं होतं. ह्यांचे गुडघे दुखतात, तरी आम्ही दोघांनी उतरून ते ओढलं आणि साखळी लावली.'

डेल बाहेर हॉर्न वाजवतोय. शेरेवही घेतली. माझा कागदही घेतला. जाते.